कोन बोलतो कुनाच्या वतीनं?

पनवेल सोडून जुन्या पुणे रस्त्याला लागलं की कोन गाव येतं. गावाचं नाव कोन, आणि आपल्या बोलीत 'कोण'चा उच्चारही कोनच. शुद्ध बोलणारे हसतात. हसू देत. सवाल मात्र हसण्यावारी न्यायचा नाही. कामगाराच्या वतीनं बोलनारा कोन? त्याला हा अधिकार दिला कोनी? आणि ज्याचं नाव सभासदांच्या यादीतच नाही, त्याच्या वतीनं कोन?

या कोनमध्ये एम.एम.आर.डी.ए.च्या भाडेघर योजनेतल्या इमारती आहेत. त्यातल्या 2,417 घरांची सोडत म्हाडानं डिसेंबर 2016 मध्ये गिरणी कामगारांसाठी काढली. 2020 साली कोविडमध्ये तिथं क्वारंटाइन केंद्र झालं आणि ताबा वर्षानुवर्षं लांबला. ज्यानं आयुष्य लालबाग-परळच्या साच्यावर काढलं, त्याच्या नशिबी घर आलं ते पनवेलच्या पलीकडं. हाच माणूस 18 जानेवारी 1982 पासून डॉ. दत्ता सामंतांच्या मागं संपावर गेला. अडीच लाखांच्या आसपास लोक गेले. पण 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा सांगत होता की प्रातिनिधिक युनियन एकच, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. बोलणी करायची तर तिनंच. माणूस एकीकडं आणि कायद्यानं त्याला लावून दिलेलं तोंड दुसरीकडं. माणूस रस्त्यावर ओरडत राहिला. कायद्याच्या कानाला तो ऐकूच गेला नाही.

गिरणी गेली. कोनच्या आसपास आज कामगार म्हणून जो उभा आहे त्यात रेल्वेवाला मोठा. पनवेल जंक्शन. एक लाइन दिव्याला, एक कर्जतला, एक रोह्याला आणि लोकल वाशीवरून मुंबईला. ही मध्य रेल्वे, म्हंजे आपल्या आज्या-पणज्याची जी.आय.पी. तेव्हा गिरणीत नागवा झालेला हा सवाल आता रेल्वेच्या रुळावर ठेवून बघू.

कुठल्याही युनियनचं पत्रक घ्या. त्यात सभासदांच्या बातम्यांचं एक पान असतं. अमुक साहेब निवृत्त झाले, शाल-श्रीफळ दिलं. तमुक पदाधिकाऱ्याच्या मुलीला पदवी मिळाली. चेअरमनसाहेबांचा वाढदिवस, फोटोसकट. बातमी वाईट नाही. माणसाचं कौतुक झालंच पाहिजे. पण या पानावर गँगमन केव्हा येतो? बहुतेक वेळा मेल्यावर. आणि तेही दोन ओळीत.

गँगमन म्हंजे काय हे ज्याला माहीत नाही त्यानं मे महिन्यातल्या दुपारी रुळाला हात लावून बघावा. पहार, घन, खडी, स्लीपर. की-मन रोज आपला सेक्शन पायी चालतो, सुटलेली चावी ठोकतो, ढिला बोल्ट आवळतो. त्याच्या चालण्यावर गाडीतली हजार माणसं झोपा काढतात. आता त्याला ट्रॅक मेंटेनर असं नवं नाव दिलंय. नाव बदललं, घन तोच. डॉ. अनिल काकोडकर समितीनं फेब्रुवारी 2012 मध्ये रेल्वेच्या सुरक्षेवर अहवाल दिला. 2007 नंतरच्या चार-साडेचार वर्षांत सुमारे 1600 रेल्वे कर्मचारी कामावर मेले, असं त्यात नोंदलंय. अपघात झाला की गाडीचं नाव पेपरात येतं. हे सोळाशे कुठल्या पानावर आले?

म्हणून हा सवाल निव्वळ मतांचा आणि वर्गणीच्या पावतीचा नाही. तो नीतीचा आहे. दुसऱ्याच्या वतीनं बोलणं ही फार मोठी गोष्ट आहे. आपल्या तोंडात दुसऱ्याची भूक घ्यायची असते. ती घेतली नाही आणि तरी 'आम्ही कामगार' म्हटलं, तर ते 'आम्ही' खोटं.

बाबासाहेबांनी हा सवाल रेल्वेतच टाकला होता. 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली आणि ते अध्यक्ष होते. त्यांनी तिथं हिशोबच मांडला. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागतं, आणि अस्पृश्य घरात कसा घ्यायचा? कारखान्यात तो खलाशी राहतो, मिस्त्री होत नाही. कामगाराचे शत्रू दोन, ब्राह्मण्य आणि भांडवलशाही, हे त्यांनी त्याच परिषदेत सांगितलं. लोक एवढंच लक्षात ठेवतात. पुढचं विसरतात. ब्राह्मण्य म्हणजे ब्राह्मण जातीचे हक्क असं मला म्हणायचं नाही, स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणं म्हणजे ब्राह्मण्य, आणि ते सगळ्या थरात मुरलंय, हेही ते तिथंच बोलले. हे पुढचं वाक्य आपल्याला जड जाणार आहे. त्याकडं शेवटी येऊ.

तेव्हाही ओरड झाली की वेगळी परिषद कशाला? कामगारांची एकजूट फुटते! ही ओरड आजही जशीच्या तशी आहे. शाखेच्या मीटिंगला कोणी प्रमोशनमधल्या अन्यायाचं काढलं की खुर्चीवरून उत्तर येतं, "जातीचं इथं काढू नका, इथं आपुन सगळे कामगार." ऐकायला गोड. पण एकजूट आधी कोणी फोडली ते तपासा.

1928 च्या गिरणी संपात विणाई खात्यात अस्पृश्याला मज्जाव होता. कारण तुटलेला धागा तोंडानं ओला करून जोडावा लागे. पगार जास्त त्याच खात्यात. हा मज्जाव उठवा, ही मागणी संपाच्या मागण्यांत घ्या म्हणून बाबासाहेबांना कामगार पुढाऱ्यांशीच भांडावं लागलं. मालकाशी नव्हे, पुढाऱ्यांशी. तिथं एकजूट धाग्यावर अडली होती.

रेल्वेत ती कोर्टात अडली. रेल्वेतल्या बढतीमधलं आरक्षण सुप्रीम कोर्टात गेलं ते रंगाचारी खटल्यात, 1961 साली. दाद मागणारा सदर्न रेल्वेचा कर्मचारी. 1980 साली पुन्हा गेलं. तेव्हा अर्जदार संघटनेचं नाव काय? अखिल भारतीय शोषित कर्मचारी संघ! बढतीतल्या आरक्षणामुळं आम्ही शोषित झालो, असं म्हणणाऱ्यांचा संघ. न्या. कृष्णा अय्यर यांच्या खंडपीठानं तो अर्ज फेटाळला. 1995 साली वीरपाल सिंग चौहान खटला आला, तोही रेल्वेच्या गार्डांच्या ज्येष्ठतेचा. संसदेला 1995 मध्ये सत्त्याहत्तरावी आणि 2001 मध्ये पंच्याऐंशीवी घटनादुरुस्ती करावी लागली, तेव्हा बढतीतलं आरक्षण आणि त्यामागची ज्येष्ठता तगली. या खटल्यांत दाद मागायला प्रशासन गेलेलं नाही. शेजारच्या टेबलावरचा, शेजारच्या डब्यातला सहकारी गेलाय. त्याला कोर्टाचा हक्क आहे, तो कोणी काढून घेत नाही. पण मग एकजूट फोडल्याचा ठपका आमच्या असोसिएशनवर का?

आता दुसरी बाजूही नीट बघू. नुसत्या रागानं गाडी चालत नाही. वेगळी संघटना बांधून सगळं साधलं का? नाही साधलं. रेल्वेत 1951-52 पासून वाटाघाटीची कायम यंत्रणा आहे, जिला सगळे पी.एन.एम. म्हणतात. तिच्या टेबलाशी मान्यताप्राप्त युनियन बसते. एस.सी.-एस.टी. कर्मचाऱ्यांच्या असोसिएशनला प्रशासन भेटतं, ऐकून घेतं, पण पी.एन.एम.चा दर्जा तिला नाही. म्हणजे पगार, ड्युटीचे तास, क्वार्टर, बदली यांचा सौदा जिथं होतो तिथं आपली खुर्ची नाही. ही खुर्ची किती मोलाची हे बाबासाहेबांना ठाऊक होतं. म्हणून तर मजूर मंत्री असताना नोव्हेंबर 1943 मध्ये, युनियनला मान्यता देणं मालकावर बंधनकारक करणारं विधेयक त्यांनी मांडलं. युनियन नको असं ते कधी म्हणाले नाहीत. युनियन हवी, पण ती माझ्या तोंडाला कुलूप लावून नको, असा त्यांचा रोख.

आणि एकजुटीची ताकदही खोटी नाही. 8 मे 1974 ला रेल्वे थांबली. सुमारे 17 लाख लोक, वीस दिवस. अटका झाल्या, नोकऱ्या गेल्या, क्वार्टरमधून बायकापोरांना बाहेर काढलं. त्या संपाच्या मागण्यांत बोनस होता, आठ तास ड्युटी होती. आणि हंगामी कामगाराला कायम करा, हीही मागणी होती. हे विसरू नये. ज्याला मत नाही, ज्याची नोकरी पावसाळ्यापुरती, त्याचं दुःख त्या मागणीपत्रात होतं. संप मोडला गेला. पण त्या कागदाची नीती मोडली नाही. वतीनं बोलणं म्हणजे काय, ते त्या एका ओळीत दिसतं.

आता आजचं बघा. मान्यता कुणाला हे 2007 पासून गुप्त मतदानानं ठरतं. 4 ते 6 डिसेंबर 2024 ला झालं त्यात सुमारे 12 लाख मतदार होते. मालकानं युनियन निवडण्यापेक्षा कामगारानं निवडणं शंभर पटीनं चांगलं. पण मतदार कोण? रेल्वेच्या पगारपत्रकावरचा माणूस. स्टेशन झाडणारा, डबे धुणारा, फलाटाखालची घाण काढणारा आता बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराचा. त्याचं नाव त्या यादीत नाही. तो रेल्वेचं काम करतो, पण रेल्वेवाला नाही. त्याची जात सांगायची गरज आहे का? सकाळी कुठल्याही जंक्शनवर उभे राहा आणि बघा.

गाडीच्या संडासाची घाण थेट रुळावर पडायची आणि ती माणूस काढायचा. वर्षानुवर्षं. 1993 चा कायदा झाला तरी काढायचा. हा प्रश्न 2003 साली सुप्रीम कोर्टात नेला तो सफाई कर्मचारी आंदोलनानं. 2013 चा नवा कायदा आला, त्यात पळवाट अशी की केंद्रानं ठरवलेली साधनं आणि हातमोजे-बूट दिले तर तो माणूस हातानं मैला उचलणारा धरायचाच नाही. हातात मोजा घातला की मैल्याची जात बदलते काय? 27 मार्च 2014 ला कोर्टानं रेल्वेलाच बजावलं की रुळावरचं हे काम ठरावीक मुदतीत संपवा. आता ब्रॉडगेजच्या सगळ्या डब्यांना बायो-टॉयलेट बसवल्याचं रेल्वे सांगते. चांगलं झालं. पण एवढ्या वर्षांत या माणसाच्या वतीनं जे बोलले ते त्याचे कायदेशीर प्रतिनिधी नव्हते. तो कुणाचा सभासदच नव्हता. तरी बोलले.

इथं सवालाचं उत्तर सापडतं असं मला वाटतं. प्रतिनिधी म्हणजे आपल्यासारखा दिसणारा, आपल्या जातीचा, आपल्या खात्याचा माणूस एवढंच नव्हे. तसा असला तर बरं, पुष्कळदा तसा असावाच लागतो, कारण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पण तेवढं पुरत नाही. प्रतिनिधीला जाब विचारता आला पाहिजे. आणि ज्या बोलण्यानं त्याची स्वतःची चार मतं कमी होतील तेही त्यानं बोललं पाहिजे. मतं वाढवणारं तर कोनीही बोलतो.

आता बाबासाहेबांच्या त्या पुढच्या वाक्याकडं. ब्राह्मण्य सगळ्या थरात आहे म्हणाले ते. सगळ्या म्हणजे आपल्याही. आपला माणूस आरक्षणानं बाबू झाला, टी.सी. झाला, सेक्शनचा साहेब झाला. चौदा एप्रिलला पहिली रांग त्याची. असोसिएशनचा ठराव बढतीच्या रोस्टरवर, त्यातही वरच्या जागांवर. तो ठराव हवाच. ती लढाई सोडायची नाही. पण त्याच फलाटावर कंत्राटदाराचा झाडूवाला उभा आहे. त्याच वस्तीतला, कदाचित लांबचा मावसभाऊ. त्याला किमान वेतन मिळतं का, त्याचा पी.एफ. भरतात का, हे आपल्या साहेबानं कधी विचारलं? कंत्राटदारानं मजुरी बुडवली तर मूळ मालकानं ती भरायची, हे तत्त्व 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानं घालून दिलं. हा कागद वाचता येणारा माणूस आपल्यात तयार झाला तो कशासाठी? स्वतःच्याच फाइलसाठी? मग सवर्ण पुढारी आमच्याशी वागला ते आणि आम्ही झाडूवाल्याशी वागतो ते, यात फरक काय राहिला? "तो आपला सभासद नाय" हे वाक्य दोघांचंही सारखंच.

म्हणून साथींनो, युनियन सोडू नका आणि असोसिएशनही मोडू नका. दोन्हीकडं जा. जाऊन पहिल्या विषयालाच हात वर करा. म्हणा, अजेंडा खालून वर वाचा. आधी झाडूवाल्याचा पगार, मग गँगमनच्या जिवाची राखण, मग बढती, मग सत्कार. पुढच्या महिन्याच्या पत्रकात सभासदांच्या बातम्यांच्या पानावर, जो सभासद नाही अशा एका सफाईवाल्याचं नाव छापा. मेल्यावर नको. जिवंतपणी, त्याच्या मागणीसकट.

छापायला कोणी नकार दिला तर त्याला एवढंच विचारा. तू बोलतोस ते कुनाच्या वतीनं? आणि तुला बोलायला लावलं कोनी?