हातातली मूठ



हीरो होंडाची सीडी १०० ही मोटारसायकल १९८५ साली आली. ती आजही गावोगावी धावताना दिसते. अशा जुन्या गाडीचं ऑइल आपण बदलतो, चेन ताणून घेतो. हँडलच्या रबरी मुठींकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ऊन आणि घामानं रबर कडक होतं, नक्षी झिजते, मूठ सैल होऊन फिरू लागते. पावसात ओल्या हाताला पकड मिळत नाही.

नवी मूठ बसवणं अवघड नाही. जुनी मूठ ब्लेडनं जपून उभी कापावी, खालचा गंज आणि चिकटा पुसावा. दोन्ही मुठी सारख्या दिसल्या, तरी उजवीचं भोक मोठं असतं, कारण ती अॅक्सिलरेटरच्या नळीवर बसते. आत ग्रीस लावलं तर मूठ झटकन सरकते, पण पुढेही सरकतच राहते. त्याऐवजी थोडं स्पिरिट लावावं. ते उडून जातं आणि रबर घट्ट धरतं. शेवटी अॅक्सिलरेटर पिळून सोडावा. तो आपोआप मागे आलाच पाहिजे.

जे रोज हातात असतं, त्याची झीज सर्वांत उशिरा जाणवते, कारण ती रोज थोडी थोडी होते. नात्यांचंही तसंच आहे. म्हणून अधूनमधून मुद्दाम तपासावं लागतं.

आज गाडी सुरू करण्याआधी दोन्ही मुठी पिळून पाहा. सैल असतील, तर आजच बदलून घ्या.