गहाण सोडविण्याचा हक्क

कोणतेंही मराठी दैनिक उघडावें, तर आंतल्या एखाद्या पानावर 'ताबा नोटीस' या मथळ्याखालीं कर्जदारांचीं नांवें, येणे रकमांचे आंकडे आणि घरांच्या चतुःसीमा बारीक अक्षरांत छापलेल्या आढळतात. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमुक इमारत. बहुतेक वाचक हीं पानें न वाचतांच उलटतात. आम्हांस मात्र त्यांत एक जुना नैतिक प्रश्न उभा असलेला दिसतो. घेतलेलें कर्ज फेडणें हें कर्तव्य आहे, याविषयीं दुमत नाहीं. परंतु तें फिटलें नाहीं म्हणून राहतें घर घेण्याचा धनकोचा अधिकार कोठपर्यंत पोंचतो, आणि ऋणको पैसे घेऊन परत आला तर त्याच्या तोंडावर दार केव्हां लावावें?

आपल्या भाषेंत 'गहाणलहाण' असा एक शब्द होता. ठरल्या मुदतींत पैसे न आले तर गहाण पडलेली वस्तु धनकोचीच झाली, असा तो करार. शब्दांतलें यमक गोड आहे. अर्थ तसा नाहीं. समजा, पांचशें रुपयांच्या कर्जापोटीं दोन हजारांचें घर गहाण आहे. एका दिवसाचा विलंब झाला कीं दीड हजारांचा अधिक लाभ धनकोच्या पदरांत पडे, आणि तोही कांहीं न करतां. मुंबई हायकोर्टानें १८६४ सालीं असें ठरविलें कीं, अशा करारांतही गहाण सोडवून घेण्याचा हक्क शिल्लक राहतो. पुढें १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यांत, ६० व्या कलमांत, तो हक्क सर्वसाधारण नियम म्हणून आला. गहाण म्हणजे विक्री नव्हे, हें त्यामागचें तत्त्व. धनकोचा हक्क पैशावर आहे. घर हें त्या पैशाबद्दल उभें केलेलें जामीन आहे, आणि पैसा हातीं पडतांच जामिनाची सुटका झाली पाहिजे.

आजची रीत २००२ च्या 'सरफेसी' कायद्याची आहे. तीत विशेष हें कीं, बँकेला आधीं कोर्टाची पायरी चढावी लागत नाहीं. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला कीं कर्ज अनुत्पादक ठरतें. मग साठ दिवसांची मागणीची नोटीस. ती मुदत टळली कीं घराचा ताबा, पुष्कळदां प्रथम दारावर कागद चिकटवून नांवापुरता, आणि नंतर दंडाधिकाऱ्याच्या साहाय्यानें प्रत्यक्ष. मग तज्ज्ञाकडून किंमत ठरवून घेऊन, पहिल्या विक्रीस निदान तीस दिवसांची नोटीस देऊन लिलाव. येणेकरी हाच वसुलीदार, हें ऐकून मन प्रथम बिचकतें. सुप्रीम कोर्टानें २००४ सालीं हा कायदा एकंदरींत वैध ठरविला. परंतु दाद मागण्यापूर्वीं येणे रकमेपैकीं ७५ टक्के भरण्याची त्यांतील अट रद्द केली. जो पैशाच्या अभावींच दारीं आला, त्याजकडे पाऊण रक्कम उंबऱ्यावरच मागावी, याला न्याय म्हणणें कठीणच होतें.

बँकेची बाजू आम्ही हलकी लेखीत नाहीं. बँकेचा पैसा बँकेचा नसतो; त्यांत निवृत्त शिक्षकाची ठेव असते, विधवेच्या आयुष्याची पुंजी असते. 'हें राहतें घर आहे, म्हणून याला हात लावूं नका' हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाहीं, कारण त्याच घराच्या तारणावर कर्ज कमी व्याजानें मिळालेलें असतें. परंतु जो फेडूं शकतो पण फेडीत नाहीं, आणि ज्याची नोकरी गेली किंवा ज्याच्या घरीं दीर्घ आजार शिरला, या दोघांस येणारी नोटीस मात्र एकाच मजकुराची असते. कायदा हा भेद पाहत नाहीं. तो पाहण्याचें काम बँकेच्या अधिकाऱ्याच्या विवेकावर पडतें, आणि विवेकाला मुदत नसते.

१८७५ सालीं सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं कर्जखतें जाळलीं. आजचा पांढरपेशा गृहस्थ नोटीस जाळीत नाहीं. तो ती कपाटांत कपड्यांच्या घडीखालीं ठेवतो, आणि कर्जखतावर जिची बरोबरीनें सही आहे त्या पत्नीलाही सांगत नाहीं. या लाजेची आम्हांस कींव येते, आणि थोडा रागही येतो. कारण कायद्यानें दिलेले साठ दिवस तीच खाऊन टाकते. त्या दिवसांत लेखी हरकत घेतां येते, आणि बँकेनें ती फेटाळल्यास पंधरा दिवसांच्या आंत कारणें कळवावीं लागतात. मुद्दल व व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या वीस टक्क्यांहून कमी बाकी उरली असेल, तर हा कायदा लागूच होत नाहीं. निम्म्याहून अधिक आयुष्य हप्ते भरीत आलेल्या कित्येकांस हें ठाऊक नसतें. बँकेची लेखी संमति घेऊन घर आपण होऊन विकतां येतें, आणि लिलावापेक्षां अशा विक्रींत चार पैसे अधिक मिळण्याचा संभव असतो. तडजोडीनें एकरकमी फेड करण्याची विनंती करावी. पण ती हक्क म्हणून मागतां येत नाहीं, असें सुप्रीम कोर्टानें २०२१ सालीं स्पष्ट केलें आहे. ताबा घेतला गेल्यावर पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जातां येतें. लिलावांत येणें व खर्च भागून जें उरेल तें ऋणकोचें. मात्र कमी पडल्यास उरलेलें कर्ज त्याच्या मानेवर राहतेंच.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. १९७७ सालीं सुप्रीम कोर्टानें असें म्हटलें होतें कीं, धनकोनें कोर्टाबाहेर केलेल्या विक्रींत खरेदीखत नोंदलें जाईपर्यंत गहाण सोडविण्याचा हक्क जिवंत असतो. सरफेसी कायद्यानें ही मर्यादा विक्रीसाठीं ठरलेल्या तारखेच्या आधीपर्यंत आणली. २०१६ च्या दुरुस्तीनें ती आणखी मागें, लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीपर्यंत नेली. आणि २०२३ सालीं सुप्रीम कोर्टानें ती तशीच कसोशीनें लागू केली. म्हणजे नोटीस छापून आल्यावर दहाव्या दिवशीं एखादा ऋणको भावाकडून, मेहुण्याकडून, बायकोचे दागिने मोडून, मुद्दल, व्याज व खर्च यांची पैन्‌पै घेऊन आला, तरी घर सोडविण्याचा हक्क त्याला उरत नाहीं. बँकेनें कृपा केली तर गोष्ट निराळी. पैसे मिळाले असते तर बँकेचें काय गेलें असतें, हें आम्हांस कळत नाहीं. ज्यानें अद्याप बोलीही बोललेली नाहीं अशा परक्या माणसाच्या सोयीसाठीं मूळ करारांतला एक पक्ष बेघर होतो.

याला एक उत्तर आहे, आणि तें पोकळ नाहीं. शेवटच्या क्षणीं मालक येऊन सौदा मोडील अशी भीति असल्यास चांगले गिऱ्हाईक फिरकत नाहीं. मग किंमत उतरते, आणि तोटा शेवटीं ऋणकोचाच होतो. पण या भीतीवर दार इतकें आधीं लावणें हाच एक उपाय होता काय? सर्वांत वरची बोली मान्य होईपर्यंत तें उघडें ठेवावें, असें आमचें मत आहे. तोंपर्यंत मालक आला, तर बोली बोलणाऱ्यांस त्यांची अनामत रक्कम व्याजासह परत मिळावी, आणि तें व्याज मालकानें द्यावें. घर राहत असेल तर तें द्यावयास तो खळखळ करणार नाहीं.