देशांतर

अंतर कोसांनी मोजावे की तासांनी, हा प्रश्न वरवर पाहता भूगोलाचा आहे. आमच्या घरांत मात्र तो नीतीचा प्रश्न होऊन शिरला.

मुंबईहून दुबईचे हवाई अंतर सुमारे 1,930 किलोमीटर. विमान ते तीन-सव्वातीन तासांत कापते. बऱ्हाणपुराहून मुंबई रेल्वेने सुमारे 500 किलोमीटर, आणि तेवढ्यास सात-आठ तास जातात. त्यामुळे मुलगा दुबईस आहे असे सांगताना आम्ही सहज म्हणून जातो, 'तीन तासांवर तर आहे!'

आमच्या धर्मनिबंधकारांनी सुतकाच्या निर्णयासाठी 'देशांतर' कशाला म्हणावे याचा बारीक विचार केला होता. मध्ये महानदी असेल, पर्वत आडवा येत असेल, बोली बदलत असेल तर ते देशांतर. किंवा जेथून दहा रात्रींत वार्ता पोहोचत नाही ते देशांतर. (नदीची अट अक्षरशः घेतली तर तापीपलीकडचे झैनाबादही आम्हांस देशांतरच ठरेल!) या व्याख्येत आम्हांस शास्त्रापेक्षा करुणा अधिक दिसते. जो पोहोचू शकत नाही त्याला दोष लागू नये, अशी ती सोय होती. 1760 साली उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. त्या राजवटीत आणि पुढे शिंद्यांच्या अमलात जे पूर्वज इकडे स्थिरावले, ते गोदावरी, अजिंठ्याचा डोंगर आणि तापी ओलांडून आले होते. मागे राहिलेल्या आईचे अंत्यदर्शन आपल्याला घडणार नाही हे ते जाणून होते, म्हणूनच निघताना ते पुरता निरोप घेत असावेत.

आज वार्ता दहा क्षणांत पोहोचते. ती क्षमा आता कोणी मागायची?

एका वैशाखात आमच्या आप्तांकडील वृद्ध माउली पहाटे निवर्तल्या. थोरल्याला दुबईस त्याच घटकेस कळले. तो म्हणाला, "थांबा, मी निघालोच." मग हिशेब सुरू झाला. तिकीट मिळाले रात्रीच्या विमानाचे. त्यापुढे मुंबई, मग गाडी. तीन तासांचे तीस तास होत होते. मुमताजमहल 1631 साली येथे वारली, तेव्हा तिचा देह झैनाबादच्या बागेत सुमारे सहा महिने ठेवून मग आग्र्यास नेला गेला. पण ते बादशहाचे घर होते. आमच्यांत कोणी बर्फाच्या लाद्या आणू म्हणाले, कोणी रात्र उलटू देऊ नये म्हणाले. अखेर सायंकाळी तापीकाठी धाकट्याने अग्नी दिला. आम्ही शास्त्राचे नाव पुढे केले. खरे सांगायचे तर उन्हाने आणि जागरणाने आम्हीही थकलो होतो.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचला. "का थांबला नाहीत?" एवढेच त्याने विचारले. आमच्याजवळ उत्तर नव्हते. पण एक प्रश्न आमच्याही मनात होता, तो आम्ही उच्चारला नाही. तीन वर्षांत त्याचे येणे झाले नव्हते. केव्हाही येता येते, म्हणून येणे राहून गेले. आणि केव्हाही येईल, म्हणून आईनेही 'ये' असे निक्षून कधी म्हटले नाही. त्या तीन तासांच्या आकड्याने दोघांनाही सारखेच फसविले होते. दूरच्याला अंतराचा धाक तरी असतो. जवळ मानलेल्याला तोही राहत नाही.

तेरावे आटोपून तो परतला. दर खेपेस निघताना तो पाया पडला की वडील विचारीत, "आता केव्हा?" या वेळी त्यांनी विचारले नाही. तोच पायरीवर थोडा वेळ उभा राहिला.