कुरकुरणाऱ्याचा गुन्हा

शाळेत माझ्या शेजारी बसणारा मुलगा मला चिमटे काढीत असे. चिमट्याला आवाज नसतो, ओरडण्याला असतो. त्यामुळे गुरुजींची छडी नेहमी माझ्याच हातावर पडे. 'आवाज कुणी केला?' एवढंच ते विचारीत. 'का केला?' हे त्यांनी कधी विचारलं नाही. मोठेपणी मी तो अन्याय विसरलो आणि स्वतःच गुरुजी होऊन बसलो. दार करकरलं की दार वाईट, पंखा खडखडला की पंखा वाईट, आणि बायको कुरकुरली की... पण ते पुढे सांगतो.

गेल्या मार्चमध्ये आम्ही उभयता टेक्सासमधल्या ऑस्टिनला चिरंजीवांकडे होतो. घरामागे पोहण्याचा तलाव. आमच्याकडे तलाव अख्ख्या गावाला एक असतो, इथे तो एका बिऱ्हाडाला. शिवाय पाणी ऊन करायला गॅसवर चालणारा हीटर. लहानपणी आमच्या वाड्यात एक बंब आणि नऊ बिऱ्हाडं होती. इथे सगळं तळं तापवायचं आणि त्यात नातवाने पंधरा मिनिटं डुंबायचं! पण मी बोललो नाही. पाहुण्याने गॅसचं बिल विचारू नये.

रिकामा बसू नये म्हणून मला एक काम मिळालं होतं. तलावाच्या कडेला पाणी ओढून घेणारं एक तोंड असतं. त्यातल्या टोपलीवजा जाळीत पानं अडकतात, ती रोज काढायची. अंगणात लाइव्ह ओकचं झाड होतं. हे झाड बारा महिने हिरवं दिसतं, पण जुनी पानं टाकतं ती ऐन वसंतात. सकाळी जाळी रिकामी करावी, तर दुपारी पुन्हा भरलेली. चार दिवस वाकून माझी कंबर धरली. पाचव्या दिवशी मी डोकं चालवलं आणि जाळी काढून कोपऱ्यात ठेवून दिली. जाळीच नाही, तर भरेल काय? आयुष्यातले बरेच प्रश्न मी असेच सोडवले आहेत.

आठवड्याभरात हीटर बोलू लागला. आधी बंबासारखी गुणगुण, मग ठोके, शेवटी तर आत कुणी कोंडल्यासारखी धडधड. चिरंजीवांनी कुठेसा फोन केला. तिकडच्या माणसाने हीटर न बघताच निदान केलं, "जुना झाला, बदला." त्याने सांगितलेल्या आकड्याला मी मनातल्या मनात रुपयांनी गुणलं आणि जवळच्या खुर्चीत बसलो.

सुनेने दुसरा माणूस बोलावला. तो म्हातारा हीटरकडे फिरकलाच नाही. फिल्टरवरचा दाबाचा काटा बघून म्हणाला, "काटा चढला असता, तर फिल्टर तुंबलाय म्हटलं असतं. हा उतरलाय. म्हणजे पंपाच्या अलीकडेच काहीतरी अडलंय." पंप बंद करून त्याने झाकण उघडलं. आतल्या टोपलीत लाइव्ह ओकचा चिक्की करावी तसा घट्ट लगदा बसला होता. कोपऱ्यातल्या जाळीकडे त्याने एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

त्याने समजावून सांगितलं. हीटरमध्ये तांब्याच्या नळ्या असतात. पाणी जोरात वाहत असलं की उष्णता घेऊन पुढे जातं. प्रवाह मंदावला की नळीच्या भिंतीला लागून असलेलं पाणी जागीच उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, गार पाणी लागताच ते फटाफट मिटतात. ठोके ऐकू येतात ते त्यांचे. नवा हीटर आणला असता, तर तोही असाच ओरडला असता.

"आणि ओरडणं थांबलं असतं, तर?" मी विचारलं.

"तर आणखी वाईट. दाब फारच उतरला की आतला एक स्विच हीटर बंद करतो. मग सगळं शांत. फक्त पाणी गार पडतं."

हे ऐकलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. महिनाभर सौ. कुरकुरत होती. चहाला चव नाही, दूध पाणचट, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी चहा बदलला, दूध बदललं. रस्ता बदलता येईना. पण गेले आठ दिवस ती गप्प होती, आणि मी मुलाला आनंदाने सांगितलं होतं, "आईला आता करमायला लागलं."

आत ती नातवाच्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काय गं, हल्ली बोलत नाहीस?"

"बोलून काय होतंय?" घडी न मोडता ती म्हणाली. "परतीचं तिकीट तीन महिने पुढे ढकललंत. तुम्ही ठरवलंत, त्याने बदललं. मला कळलं नातवाकडून."

जाळी इथेही मीच काढून ठेवली होती.

आता, प्रत्येक कुरकुरणारा निर्दोषच असतो असं मी म्हणत नाही. म्हाताराही म्हणाला होता, कधी नळ्यांतच क्षार साचतात, तेव्हा दोष हीटरचाच. पण बघायचं ते क्रमाने. आधी पाणी नीट वाहतंय का ते, मग हीटर. आपण उलटं करतो, कारण आवाज शोधायला नुसते कान पुरतात. अडथळा शोधायचा तर वाकावं लागतं, झाकण उघडावं लागतं, आणि आत आपलेच प्रताप सापडण्याची भीती असते.

तिकीट पुन्हा अलीकडे घेतलं. दंड मी भरला. विमान सुटून तास झाला नसेल, तेवढ्यात शेजारून आवाज आला, "अहो, केवढं गार करून ठेवलंय इथे! आणि हा चहा म्हणायचा?"

मला फार बरं वाटलं. स्विच अजून पडला नव्हता. मी निमूटपणे उठलो आणि आणखी एक पांघरूण मागून आणलं.