कुंपणापाशी, वैशाखात

जरा स्थिर बसा. मनाने वैशाखातल्या एखाद्या कुंपणापाशी या. माती तापलेली, काट्यांवर धूळ, हिरवं असं काहीच नाही. गेल्या पावसाळ्यात याच काट्यांवर करटोलीची वेल चढली होती. आता तिचा वाळका दोराही उरलेला नाही. लगेच पुढे जाऊ नका. जमिनीकडे पाहा, आणि तिच्याखाली काय आहे ते आठवा.

तिथे कंद आहे. श्रावण-भाद्रपदात पानांनी जे कमावलं, ते त्यात साठलेलं आहे. त्याला कुणी पाणी घालत नाही, खत देत नाही. सगळा उन्हाळा तो वाढ न करता काढतो. हे न वाढणं वेलीच्या वर्षाचा केवढा मोठा भाग आहे! त्यावर थोडं थांबा. श्वास सावकाश चालू द्या.

आता मृगाच्या सरी येऊ द्या. कोंब वर येतो, तणाव्यांनी काटे धरत चढतो. पिवळी फुलं दिवस मावळल्यावर उमलतात. फुलाखाली बारीक लवदार गाठ दिसली तर ती मादी. गाठ नसेल तर नर. करटोलीच्या नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. नर वेलीला जन्मभर एकही फळ लागत नाही, म्हणून ती कुणाला नको असते. पण ती उपटली, की मादी वेलीवरच्या गाठी पिवळ्या पडून गळतात. लागवड करणारे दहा मादी वेलींमागे एक तरी नर राखतात. या नर वेलीपाशी मन जास्त वेळ राहू द्या. माझ्या लेखी साऱ्या परसात तिचं मोल सर्वांत मोठं आहे.

ज्यांना कंद नाही, ती झाडं बियांतून परततात: माठ, राजगिरा, चाकवत, टाकळा. माठाचं बी खसखशीसारखं बारीक, काळं, चकचकीत. टाकळ्याच्या बियांचं कवच कठीण, त्यामुळे सगळ्या एकाच पावसात रुजत नाहीत. पहिल्या सरीनंतर पावसाने ओढ दिली आणि कोंब करपले, तरी मातीत मागे काही उरलेलं असतं. विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये रानटी झाडांच्या बिया बाटल्यांत भरून पुरल्या होत्या. २०२१ मध्ये उकरलेल्या बाटलीतल्या काही बिया रुजल्या. आपल्या पायाखालच्या मातीत कोणकोणते पावसाळे जपलेले असतील?

आता स्वतःच्या हातांकडे पाहा. हेच हात कोवळी पानं खुडतात, आणि हेच तण म्हणून सगळं उपटतात. अंगण स्वच्छ दिसावं म्हणून फरशी घालणं, बांधावर तणनाशक मारणं, हे माझ्या मनाला फार लागतं; त्यात पुढच्या कित्येक वर्षांची भाजी जाते. माठाची दोन झाडं न खुडता सोडून दिली, त्यांना तुरे येऊ दिले, ते तिथेच झडू दिले, तर पुढच्या ज्येष्ठात कोंब दिसतील. ते ओळखता मात्र यायला हवेत. घरात जाणतं कुणी असेल तर त्यांच्याबरोबर खुरपायला बसा.

करटोलीची एक-दोन फळं वेलीवरच नारिंगी होऊन फुटू द्या. आणि आश्विनात वेल वाळायला लागली, की तिच्या बुडाशी एक काठी रोवा, म्हणजे उन्हाळ्यात तिथे कुदळ पडणार नाही.