फातिमाबींचे डोळे

गेल्या वर्षी एका मुलींच्या शाळेने मला फातिमा शेख यांचे पेन्सिलचित्र काढून मागितले. मी निवृत्त चित्रकला शिक्षक. फोटोवरून माणसे काढणे हे माझे आयुष्यभराचे जोडकाम. वारलेल्या आईबापांचे फोटो घेऊन लोक येतात. मी चौकोन आखतो, एचबीने आकार पकडतो, सिक्सबीने सावल्या भरतो. त्यामुळे होकार देताना फारसा विचार केला नाही.

मुख्याध्यापिकाबाईंनी संदर्भासाठी पाच फोटो पाठवले. पाहिले तर पाचही मुळात एकच! तोच जुना समूहफोटो. दोन स्त्रिया बसलेल्या, सोबत मुली. त्यांतल्या एक सावित्रीबाई आणि दुसऱ्या फातिमाबी असे सांगितले जाते. कोणी तो कापला होता, कोणी रंगवला होता, कोणी संगणकावर डोळे ठळक केले होते. एकात तर पदरही पुढे ओढलेला. छापील फोटो मोठा केला की चेहरा मोठा होत नाही, ठिपके मोठे होतात. नाकाच्या जागी सावली, ओठांच्या जागी काळी रेघ, आणि डोळ्यांच्या जागी दोन खळगे.

घरगुती चित्रात अशी अडचण आली तर मी विचारतो, अब्बांच्या भुवया कशा होत्या? मुलीला शब्दांत सांगता आले नाही तर ती स्वतःच्या कपाळावर बोट फिरवून दाखवते. फातिमाबींच्या भुवया विचारायच्या कोणाला?

मुसलमान चित्रकाराला लहानपणापासून एक हदीस ऐकवली जाते. कयामतच्या दिवशी तसवीर बनवणाऱ्याला सांगितले जाईल, जे घडवलेस त्यात आता जीव घाल. माझे वालिद हेच सांगत आणि माझा कागद पालथा घालून ठेवत. जगायचेच असेल या कलेवर, तर झाडे काढ, बेजान वस्तू काढ, असा सल्ला इब्ने अब्बास यांनी एका कारागिराला दिल्याचे सही बुखारीत आहे. अबुल फजलने मात्र ‘आईन-ए-अकबरी’त अकबराचे वेगळेच मत नोंदवले आहे. चित्रकार अवयवामागून अवयव काढतो, पण जीव ओतू शकत नाही. म्हणून खुदाची आठवण त्याला इतरांपेक्षा जास्त होते. पुढे कॅमेरा आला. विसाव्या शतकात इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत यांनी निर्वाळा दिला की फोटो म्हणजे नवी घडण नव्हे, सावली धरून ठेवणे आहे. आमच्या घरातला वाद हजच्या पासपोर्टाने मिटवला, पण तो भाग निराळा.

मी आपला बखीतसाहेबांच्या आधाराने निर्धास्त होतो. मी तरी काय करतो, धरून ठेवलेल्या सावलीचीच नक्कल! पण या फोटोत नक्कल करण्यापुरतीही सावली उरलेली नव्हती. इथे जे डोळे उमटतील ते माझे असणार, आणि नाव मात्र फातिमाबींचे लागणार. वालिदांच्या त्या हदीसचा धाक मला पहिल्यांदा वाटला तो तेव्हा, वयाच्या पासष्टीत.

तशात शाळेच्या कमिटीचे लोक येऊन गेले. एकाला पदरातून एकही केस दिसायला नको होता. दुसऱ्याला चेहरा करारी हवा होता. तिसरे म्हणाले, “मास्तर, जरा हसरी काढा, मुलींना आवडेल.” प्रत्येकाला आपापली फातिमा हवी होती. त्या बाईंना कोणते रूप होते हे कोणीच विचारले नाही.

जानेवारी २०२५ मध्ये एका लेखकाने दावा केला होता की फातिमा शेख नावाची बाई नव्हतीच, ते आपणच रचलेले पात्र. आपली माणसे चिडली, ते योग्यच. पण माझ्या फोनवर पुरावा म्हणून काय आले? चित्रे! पोस्टर, कॅलेंडर, गूगलने ९ जानेवारी २०२२ ला लावलेले चित्र. ज्यांचे डोळे कोणीतरी कल्पनेने काढले, त्यांनाच आपण साक्षीला उभे केले. आपल्याकडे खरी गवाही आहे. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी माहेराहून जोतिरावांना लिहिलेले पत्र. स्वतः आजारी असताना त्यांना काळजी आहे ती आपल्या मागे फातिमावर पडलेल्या कामाच्या भाराची, आणि ती तक्रार करणारी नाही हा विश्वासही आहे. त्या पत्रात फातिमाचा चेहरा नाही, काम आहे.

मग चेहरा कोराच ठेवावा का? तसे एक चित्र मी काढलेही. पदराच्या चुण्या, बसण्याची ढब, आणि वर नुसता धूसर उजेड. प्रामाणिक होते. पण समोर ठेवले आणि मला ते बघवेना. मुसलमान बाईला चेहरा नसतो असे मानणारे बाहेर आधीच थोडे आहेत का? शाळेतल्या चारशे मुली रोज त्या भिंतीखालून जाणार.

शेवटी डोळे काढले. पण फक्त एचबीने, अगदी हलक्या हाताने. सिक्सबीला तिथे हात लावला नाही. बाकी सारे फोटोत होते तेवढेच. खाली लिहिले, ‘छापील समूहफोटोवरून. डोळे अंदाजाने.’

कमिटीतल्या करारीवाल्यांना ती ओळ खटकली. म्हणाले, “लोकांच्या हातात आयतेच कोलीत कशाला देता?” मी म्हटले, कोलीत आपण लपवतो तेव्हाच हातात येते. ते काही बोलले नाहीत. आठवड्याने शाळेत गेलो, तर चित्र फ्रेम होऊन भिंतीवर लागले होते. सुंदर दिसत होते. ओळ मात्र फ्रेमच्या आतल्या पांढऱ्या पट्टीखाली गेली होती. फ्रेमवाल्याच्या मापात चूक झाली असे मला सांगण्यात आले.

चित्र मी उतरवून घरी आणले आहे. नवी पट्टी कापून व्हायला दोन दिवस लागतील.