शून्य बाइटची तक्रार

शुक्रवार, सुट्टीचा दिवस, सकाळचे सव्वाआठ. उम्म अल हस्सममधल्या आमच्या फ्लॅटमध्ये एसीची घरघर सोडली तर शांतता होती. नवरा झोपलेला, खालच्या कोल्ड स्टोअरचं शटर नुकतंच वर गेलेलं. (बहरीनमध्ये कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात. इथे एकोणीस वर्षं काढली, तरी ते नाव ऐकलं की मला अजून बटाट्याची पोतीच आठवतात.) दहाला माझा मराठीचा वर्ग असतो. अकरा मुलं, त्यातली चार ‘ळ’ म्हणताना ‘ल’ म्हणतात. मी लॅपटॉप उघडला, पासवर्ड टाकला. स्क्रीन काळी झाली, श्वासभर तशीच राहिली आणि पुन्हा पासवर्डची चौकट घेऊन समोर उभी राहिली. पुन्हा टाकला. पुन्हा तेच.

हा लॅपटॉप आमच्या धाकट्याचा जुना. पुण्याला शिकायला जाण्याआधी त्याने त्यावर लिनक्स मिंट घालून दिलं होतं. पुण्यात तेव्हा पावणेअकरा वाजले होते, म्हणजे साहेब उठलेले असण्याची शक्यता होती. फोन लावला.

“पासवर्ड चुकीचा आहे असं काही लिहून येतंय का?”

“नाही.”

“मग पासवर्ड बरोबर आहे. तो तुला आत घेतोय आणि लगेच बाहेर काढतोय. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ थ्री एकदम दाब.”

दाबलं. चित्रबित्र सगळं गेलं आणि काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत मशीनने माझं नाव विचारलं. नाव दिलं, पासवर्ड दिला, आणि आत गेले. आत म्हणजे एक लुकलुकणारी रेघ.

“बघ, मशीन धडधाकट आहे. फक्त डेस्कटॉप उभा राहत नाहीये. दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं, आई.”

मी थबकले. गेल्या गणेश चतुर्थीला, मी मोदकांच्या कळ्या पाडत असताना, हाच मुलगा फोनवर मला ऐकवत होता की जे दिसत नाही, मोजता येत नाही, ते नाही. आणि तसं असूनही ते आहे म्हणणं हा स्वभावाचा हळवेपणा आहे. तेव्हा माझे हात उकडीत होते, म्हणून वाद राहिला होता.

मी सांगलीत संस्कृत घेऊन बी.ए. केलं. दुसऱ्या वर्षाला अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह होता. सतराव्या शतकातलं एवढंसं पुस्तक, नैयायिकांची बाराखडी. त्यात जगातल्या सगळ्या गोष्टी सात पदार्थांत बसवल्या आहेत आणि सातवा आहे अभाव. नसणं हीसुद्धा एक वस्तू. आमचे सर टेबलावरचा डस्टर उचलायचे, खिशात घालायचे आणि विचारायचे, आता टेबलावर काय आहे? काही नाही, असं म्हटलं की चिडायचे. डस्टरचा अभाव आहे, म्हणायचे. तेव्हा हसलो होतो.

अभाव चार तऱ्हेचे. वस्तू व्हायच्या आधीचा प्रागभाव, नष्ट झाल्यानंतरचा प्रध्वंसाभाव, एखाद्या ठिकाणी कधीच नसण्याचा अत्यंताभाव, आणि हे म्हणजे ते नव्हे असा अन्योन्याभाव. इथे राहून मला प्रध्वंसाभावाला नवं उदाहरण मिळालं आहे. आमच्या घरापासून पश्चिमेला थोड्याच अंतरावर अधारीचा झरा होता. त्याचं पाणी पाटांनी दूरच्या खजुरांच्या बागांना जायचं. लांबच्याला पाजते आणि जवळच्याला विसरते, अशी या अधारीवरून इथल्या लोकांत म्हण आहे. (परदेशी नोकरी करणाऱ्या माणसाला ती ऐकवू नये.) जमिनीतलं पाणी उपसून उपसून तो झरा आटला. आज तिथे बाग आहे, पाळणे आहेत, झऱ्याचं नाव आहे, झरा नाही.

हे चार अभाव मी फोनवर त्याला ऐकवले. मला वाटलं, आई ऐनवेळी पाठांतर म्हणून दाखवते म्हणून वैतागेल. उलट तो रंगला. म्हणाला, मशीन अजून सुरू होतंय तेव्हाचा काळा पडदा हा पहिला. डेस्कटॉप येऊन कोसळला तर दुसरा. आमच्या कॉलेजच्या सर्व्हरवर डेस्कटॉप कधी घातलेलाच नाही, तो तिसरा. तिथे काळा पडदा बघून घाबरणाराच वेडा. आणि चौथा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण लोक चित्रालाच मशीन समजतात.

लिनक्समध्ये ते दोन खरंच वेगळे आहेत. खालचा गाभा लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिहायला घेतला. वर चित्र उभं करणारी एक्स नावाची यंत्रणा एमआयटीत १९८४ मध्येच सुरू झाली होती आणि तिची अकरावी आवृत्ती, जिची कुळी माझ्या लॅपटॉपवर अजून नांदते, ती १९८७ ची. म्हणजे घरापेक्षा घराला रंग देणारा वयाने मोठा. तो रुसला तरी घर उभं असतं, आणि घर न पाडता त्याला पुन्हा बोलावता येतं.

“आता एक्सची नोंदवही बघू,” तो म्हणाला आणि एकेक अक्षर सांगत गेला. मी टाइप करत गेले. चुकीच्या ठिकाणी जोर देऊन आज्ञा सांगायची त्याची सवय बापाची आहे. चूक जिथे असते तिथे कंसात दोन ‘ई’ असतात, तेवढ्या ओळी गाळून काढायच्या होत्या.

“आली! एक ओळ आली. चूक आहे!”

“वाच.”

वाचली. तो हसायला लागला. ती चूक नव्हती. नोंदवहीच्या सुरुवातीला खुणांचे अर्थ दिलेले असतात आणि त्यात दोन ‘ई’ म्हणजे चूक असं सांगितलेलं असतं. त्यामुळे चूक शोधायला गेलं की चुकीची व्याख्या हमखास सापडते. व्याख्येखेरीज दुसरी ओळ नव्हती.

पण त्या खुणांच्या यादीपाशी मी अडकले. त्याला घाई होती, मला नव्हती. एक्स आपल्या वहीत कित्येक विधानांशेजारी खूण करून ती त्याला कशी कळली हे सांगतो. दोन आडव्या रेघा असतील तर त्याने स्वतः तपासून पाहिलं. दोन तारे असतील तर कुणीतरी फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं आणि त्याने ते मानलं. दोन बरोबरची चिन्हं असतील तर कुणी काही सांगितलं नाही म्हणून नेहमीचं धरून चालला. दोन प्रश्नचिन्हं म्हणजे माहीत नाही. प्रत्यक्ष, शब्द, गृहीत. मी आजवर जेवढी कीर्तनं आणि जेवढी विज्ञानवाद्यांची भाषणं ऐकली, त्यांत कुणी वाक्यागणिक अशी खूण केलेली मला आठवत नाही. मी स्वतःही करत नाही. माझ्या देवाविषयीच्या बहुतेक वाक्यांना दोन तारे लागतील, आणि कुणी न सांगताच धरून चाललेल्या बऱ्याच गोष्टींना दोन बरोबरची चिन्हं. दोन आडव्या रेघा देता येतील असं एखादं वाक्य माझ्यापाशी आहे का, हे मी त्या दिवशी ठरवू शकले नाही.

“एक्सची काही तक्रार नाही,” तो म्हणाला. “मग तुझ्या घरातली वही बघू.” घर म्हणजे माझ्या नावाचा फोल्डर. तिथे बिंदूने सुरू होणारी एक लपलेली फाइल असते, डेस्कटॉप उभा राहताना जी कुरकूर होते ती तिच्यात उतरते. यादी काढली. आधी एका दुसऱ्या फाइलबद्दल त्याने विचारलं, मालक कोण दिसतोय? कधीकधी घरातल्या फाइलची मालकी चुकून मूळ वापरकर्त्याकडे, म्हणजे यंत्रणेच्या कारभाऱ्याकडे, जाते आणि मग घरच्याच माणसाला दार उघडत नाही. मालक मीच होते. मग कुरकुरीची फाइल.

“आकार किती?”

“शून्य.”

“शून्य बाइट? नक्की?”

“शून्य. म्हणजे इथेही तक्रार नाही.”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “एवढी स्वच्छ ती कधीच नसते. डी, एफ, स्पेस, डॅश, एच. टाइप कर.”

केलं. एका ओळीत शंभर टक्के आलं. डिस्क भरली होती. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय असते; काही बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून ती यंत्रणेच्या प्रती काढून ठेवते. त्याने ती लावून दिली होती आणि प्रती त्याच डिस्कवर साठत होत्या. उरलेली जागा मी वर्गांच्या व्हिडिओंनी भरली. नुकसान होऊ नये म्हणून जपलेल्या गोष्टींनी जगायला जागा ठेवली नाही. इथे अपरिग्रहावर एक परिच्छेद लिहिता येईल. माझ्या माळ्यावरच्या पितळेच्या डब्यांना स्मरून तो लिहीत नाही.

पासवर्ड दिल्यावर डेस्कटॉप उठत होता, काहीतरी लिहायला जात होता, जागा नाही म्हणून कोसळत होता आणि मी पुन्हा दाराशी. आणि वही कोरी होती, कारण तक्रार लिहायलाच जागा नव्हती. काळ्या पडद्याच्या वाटेने मला आत तरी जाता आलं, याचं एक कारण म्हणजे अशा डिस्कवर साधारणपणे पाच टक्के जागा मूळ वापरकर्त्यासाठी राखलेली असते, घरातल्यांच्या आधी काढून ठेवलेल्या नैवेद्यासारखी. बाकीची कामं तिच्यावर निभावली होती.

जुन्या प्रती पुसायची आज्ञा दिली. तिला वेळ लागतो. लुकलुकती रेघ बघत आम्ही दोघं फोनवर, आणि चतुर्थीचा वाद तिथेच पुढे सुरू झाला.

नसणं कळतं कसं, यावर आपल्याकडे शतकानुशतकं भांडण चाललं. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाने त्यासाठी वेगळं प्रमाण मानलं, अनुपलब्धी. दिसलं नाही, यावरून नाही हे कळणं. नैयायिक म्हणाले, वेगळं कशाला, ते प्रत्यक्षातच येतं. पण दोघांनी एक अट घातली: योग्यता. वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात टेबलावर डस्टर दिसला नाही, तर डस्टर नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही.

हीच अट घेऊन मिथिलेच्या उदयनाचार्याने, दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास, न्यायकुसुमांजली या ग्रंथात ईश्वर नाही म्हणणाऱ्यांना गाठलं. चार्वाक म्हणतो, दिसत नाही ते नाही. उदयन म्हणतो, मग तू घराबाहेर पडलास की बायकापोरं तुला दिसत नाहीत. म्हणजे ती नाहीत. तर उंबऱ्याबाहेर छाती पिटून रड, आणि घरी परत कशाला येतोस? वर्गात हे ऐकताना गंमत वाटली होती. नंतर नवरा आधी इथे आला आणि मी दोन वर्षं सांगलीत होते, तेव्हा वाटलं की हा मिथिलेचा ब्राह्मण आखाताच्या नोकरीवर लिहून गेलाय.

मी मुलाला म्हटलं, “तुझी ती कोरी फाइल. तिच्यात काही दिसलं नाही, म्हणून तक्रार नव्हती असं तू म्हणाला नाहीस. लिहायला जागा होती का, हे आधी विचारलंस. देवाच्या बाबतीत ते का विचारत नाहीस?”

“विचारतो की. जागा होती का, हे मला डी एफ लावून बघता आलं. देवाचं डी एफ काय? असता तर दिसला असता, अशी एखादी परिस्थिती तूच सांग, आणि एकदा सांगितलीस की बदलायची नाही. देवळात नाही दिसला तर मनात, मनात नाही तर आणखी कुठे, असं चालणार नाही. नाहीतर उदयनाची अट ही पळवाट झाली.”

उत्तर माझ्यापाशी नव्हतं. उदयनाने फक्त चार्वाकाचं शस्त्र बोथट केलं. ईश्वर आहे हे दाखवायला त्याला दुसऱ्या वाटेने अनुमानं उभी करावी लागली, आणि ती अनुमानं मला कॉलेजातही पटली नव्हती. कार्य आहे म्हणून कर्ता हवा, घडा आहे म्हणून कुंभार हवा. पण हा लॅपटॉप बंद पाडायला तरी कुठला एक कर्ता लागला? थोडी टाइमशिफ्ट, थोडी मी.

मी त्याला एवढंच सांगितलं, जे आधी कधी सांगितलं नव्हतं. २०२१ च्या मे महिन्यात सांगलीला बाबा गेले. मला जाता आलं नाही. त्याआधीच्या नऊ रात्री मी याच खोलीत बसून काहीतरी मागत होते आणि उत्तरादाखल काहीही आलं नाही. दिलासा नाही, स्वप्न नाही, रडूसुद्धा नाही. शून्य. आजवर मी त्याचा एक अर्थ धरून होते, ऐकणारा नाही. चतुर्थीला मोदक करत होते तेही तो अर्थ उराशी धरूनच, हात सवयीचे. आज त्याच शून्याचा दुसराही अर्थ लागू शकतो असं दिसतंय: तेव्हा माझ्यात काही उमटायला जागाच नसेल. कुठला खरा, हे तपासायला माझ्यापाशी आज्ञा नाही. आणि दुसरा अर्थ मला सोयीचा आहे हेही मला कळतं, म्हणून त्याच्यावर माझा जास्त संशय आहे.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “पुसून झालं का बघ.”

झालं होतं. अडतीस टक्के मोकळे. त्याने सांगितली तशी आज्ञा दिली, पडदा एकदा विझला, चौकट आली, पासवर्ड टाकला. सित्राच्या पुलावरून मी काढलेला पहाटेच्या पाण्याचा फोटो, खाली पट्टी, कोपऱ्यात घड्याळ: नऊ वाजून त्रेचाळीस मिनिटं.

वर्गाआधी सतरा मिनिटं होती, म्हणून ती कुरकुरीची फाइल पुन्हा उघडून पाहिली. शून्य नव्हती आता. ओळींमागून ओळी: हे सापडलं नाही, ते जुनं झालं, याला परवानगी नाही, त्याने उत्तर दिलं नाही, इशारा, इशारा, इशारा. मी घाबरून त्याला वाचून दाखवायला लागले.

“अगं, चालू आहे ना सगळं?”

“चालू आहे.”

“मग एवढं असतंच,” तो म्हणाला, आणि चहा प्यायला गेला.